पैस आणि दुसरा स्लॉट

शनिवारी दुपारी नगरला घरी पोचलो, जेवलो आणि ताटं उचलल्याबरोबर लॅपटॉप टेबलावर पालथा घातला. (नगर म्हणजे २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. एस.टी. स्टँडवर मात्र अजून "नगर, नगर, नगर" असंच ऐकू येतं.) आईला वाटलं, बिघडला. म्हटलं, बिघडला नाही, भरलाय. ५१२ जीबीतले जेमतेम ९ जीबी उरलेत आणि विंडोज रोज लाल पट्टी दाखवतंय.

खालचे दहा स्क्रू काढले, जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने झाकण उचकटलं, आधी बॅटरीची वायर सोडवली. आत एक एसएसडी बसलेली होती आणि तिच्या शेजारी तसाच एक रिकामा स्लॉट. तीन वर्षं माझ्या घरात एक खोली रिकामी होती आणि मी 'जागा नाही, जागा नाही' म्हणून फोटो डिलीट करत बसलो होतो! नवीन पट्टी तिरकी घुसवली, दाबून आडवी केली, तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू लावला. संपलं काम.

बाबा चष्मा लावून शेजारी बसले होते. लावण्याआधी त्यांनी ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, च्युइंगमच्या पाकिटासारखी.

"एवढ्याशात एक हजार जीबी?"

"हो."

"आणि टिकतं किती वर्षं?"

जागा किती, वेग किती, किंमत किती हे सगळं मला पाठ होतं. हा प्रश्न मात्र दुकानात मी विचारलाच नव्हता. खरं तर मी तो विचारायला हवा होता, कारण मी एकदा चांगला पोळलोय. ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास.

सॉलिड म्हणजे काय?

आपल्याकडे 'सॉलिड' म्हणजे भारी, दणकट. सॉलिड स्टेट ड्राइव्हमधल्या सॉलिडचा दणकटपणाशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ एवढाच, की आत काही फिरत नाही, हलत नाही. सगळा कारभार घन पदार्थात, म्हणजे सिलिकॉनमध्ये.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक नावाच्या मशीनबरोबर आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनभर आणि मावणार किती तर ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो.

पण न फिरणारी साठवणही तेव्हा होती, आणि तीसुद्धा आपल्या मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने संपूर्ण भारतात बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. मण्यांतून दोरा ओवावा तशा त्या कड्यांतून तारा ओवलेल्या. एक कडी म्हणजे एक बिट. २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशोबात १० केबी! वीज गेली तरी कड्यांतलं चुंबकत्व राहायचं. १९६२ मध्ये या संगणकाला टिफ्रॅक हे नाव पंडित नेहरूंनी दिलं. तेच नेहरू, जे १९४२ ते ४५ आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते आणि १९४४ मध्ये तिथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. नगरकर माणूस कुठूनही नगरला येतोच, हे मला मान्य आहे :-)

असो. कड्या ओवत बसणं हे काही फार पुढे जाणारं प्रकरण नव्हतं. आपल्या पट्टीचा खरा जन्म १९६७ चा. बेल लॅब्जमधल्या दवोन कांग आणि सायमन झी या दोघांनी तरंगत्या गेटची कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरच्या आत, चारी बाजूंनी इन्सुलेशन असलेली एक बंद खोली. विजेचा जोर लावून तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. जोर काढला तरी ते आतच अडकून राहतात, बाहेर पडायला दारच नाही. खोलीत इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक हे ठरतं.

मग प्रश्न आला पुसायचं कसं. १९७१ मध्ये इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम केली. तिच्या डोक्यावर काचेची खिडकी असायची आणि पुसायला चिप अतिनील दिव्याखाली ठेवावी लागायची. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असल्या दोन चिपा शोकेसमध्ये होत्या. पुढे विजेनेच पुसता येणाऱ्या चिपा आल्या, पण त्या महाग.

ही कोंडी फोडली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी. एकेक बिट सुटं पुसायचा हट्ट सोडा, अख्खा ब्लॉक एकदम पुसा, म्हणजे चिप लहान आणि स्वस्त होईल. १९८४ मध्ये त्यांनी हे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडलं. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसं एकदम पुसलं जातं, म्हणून एका सहकाऱ्याने नाव सुचवलं 'फ्लॅश'. १९८७ मध्ये नँड फ्लॅश आली. आपल्या एसएसडी, पेनड्राइव्ह, मोबाइल, सगळ्यांत हीच. मासुओकांना पुढे आपल्या वाट्यासाठी कंपनीवर दावा लावावा लागला आणि २००६ मध्ये ८.७ कोटी येनवर तडजोड झाली. अप्रेझलवरून कुरकुरणाऱ्या मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरीकडे इंटेलमध्ये फ्लॅशच्या सुरुवातीच्या तंत्रावर काम करणाऱ्यांत होते विनोद धाम, जन्म पुण्याचा, १९५० चा. पुढे ते 'पेंटियमचे जनक' म्हणून गाजले, म्हणून त्यांचं फ्लॅशचं काम झाकोळलं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या सनडिस्क (नंतर सँडिस्क) कंपनीच्या तीन संस्थापकांत एक होते कानपूरचे संजय मेहरोत्रा. १९९१ मध्ये या कंपनीने आयबीएमसाठी हार्ड डिस्कच्या जागी बसणारी फ्लॅशची डिस्क बनवली. क्षमता २० एमबी, किंमत सुमारे १,००० डॉलर. म्हणजे त्या भावाने माझी १ टीबीची पट्टी ५ कोटी डॉलरला पडली असती. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी पट्टी जरा जपून खाली ठेवली.

खैरातची शाळा

फ्लॅशवर चालणारा लॅपटॉप महाराष्ट्रातल्या पोरांच्या हातात कधी आला? कुणालाही विचारलं तर हिंजवडी किंवा पवईचं नाव घेईल. पण २००७ मध्ये तो पोचला होता कर्जतजवळच्या खैरात नावाच्या छोट्या गावात. (कर्जत म्हणजे रायगडचं. आमच्या जिल्ह्यातही एक कर्जत आहे, त्यामुळे मी आधी उगाच छाती फुगवून घेतली होती.) 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग तिथल्या प्राथमिक शाळेत झाला. केंद्र सरकारने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता, तरी हा छोटा प्रयोग झाला.

त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हती, पंखा नव्हता. होती फक्त १ जीबी नँड फ्लॅश. कारण साधं होतं. पोरं लॅपटॉप पाडणार, धुळीत ठेवणार, आणि गावात वीज बेभरवशाची. फिरणारी तबकडी अशा ठिकाणी टिकत नाही आणि वीजही जास्त खाते. २००७ मध्ये आपण मोठ्या पडद्याचे, जड, हार्ड डिस्कवाले लॅपटॉप मिरवत होतो तेव्हा या लहान मुलांकडे सॉलिड स्टेट होतं!

आणि गंमत म्हणजे, त्यातही जास्तीच्या जागेची सोय होती. पडद्याच्या खालच्या कडेला, सहज दिसणार नाही असा, एसडी कार्डाचा स्लॉट. लॅपटॉपला कॅमेरा होता, मग १ जीबी भरायला कितीसा वेळ? म्हणजे 'दुसरा स्लॉट' ही काही एनव्हीएमई जमान्याची चैन नाही. साठवण आली की ती पुरत नाही हे पाठोपाठ आलंच.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. २००८ मध्ये इंटेलने ८० जीबीची एसएसडी ५९५ डॉलरला काढली. तेव्हा हार्ड डिस्कवाल्या लॅपटॉपला उठायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी. २०११ मध्ये एनव्हीएमई हे खास फ्लॅशसाठी बेतलेलं मानक आलं, मागोमाग एम.२ चा स्लॉट, आणि वेग सेकंदाला ३,५०० एमबीवर आणि त्याच्याही पुढे गेला.

आजोबांच्या अकरा कॅसेटी

आता पोळल्याची गोष्ट.

आमचं मूळ गाव नेवासा तालुक्यात. आजोबा शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेले, पण बोलायला बसले की रात्र सरायची. २००४ मध्ये काकांनी त्यांना टेपरेकॉर्डरसमोर बसवलं. अकरा कॅसेटी झाल्या. हरिपाठ, प्रवरेचे पूर, भाऊबंदकी, बैलांची नावं, आणि एक अख्खी कॅसेट बहात्तरच्या दुष्काळाची. खडी फोडायला कुणाकुणाची जोडी असायची, लाल मिलोची भाकरी कशी लागायची, सुकडीच्या रांगेत आजीचं कुणाशी भांडण झालं. २००९ मध्ये आजोबा गेले.

२०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या कॅसेटी लॅपटॉपवर घेतल्या. कॅसेटला 'कॉपी' नसतं, एक तासाची कॅसेट एक तासच वाजवावी लागते. अकरा तासांचे साडेसहा जीबी झाले. भाऊबीजेला आत्याला काही फायली पेनड्राइव्हवर दिल्या, काकांना सीडी करून दिली, चुलतभावाने त्याला हव्या त्या मोबाइलवर घेतल्या. मूळ कॅसेटींना बुरशी धरली होती. "आता कशाला हव्यात?" असं मीच म्हणालो आणि टाकून दिल्या.

२०१९ मध्ये पहिला पगार झाला आणि मी लॅपटॉपला स्वस्तातली एसएसडी घातली. सगळं तिच्यावर हलवलं. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करून हॉस्टेलवरच्या ज्युनियरला दिली. दोन वर्षं लॅपटॉप बाणासारखा चालला. २०२१ मध्ये एका सोमवारी सकाळी स्टँडअपच्या आधी बटण दाबलं तर काळा पडदा, 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. आदल्या रात्री व्यवस्थित बंद केला होता.

पुण्यात डेटा काढून देणाऱ्या एका दुकानात गेलो. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि परत दिली. कंट्रोलर गेलाय. म्हणाला, "दादा, हार्ड डिस्क मरायच्या आधी ओरडते. कट-कट करते, फायली अडकतात, माणूस सावध होतो. ही झोपेत जाते."

एसएसडीत डेटा सलग नसतोच. फ्लॅशचा ब्लॉक लिहून-पुसून झिजतो, म्हणून कंट्रोलर सतत इकडचं तिकडे हलवत असतो, म्हणजे सगळे ब्लॉक सारखे झिजतील. कुठला तुकडा कुठे ठेवला याची वही कंट्रोलरकडेच. तो गेला की चिपा शाबूत असल्या तरी ते नुसतं रद्दीचं पोतं. आणि फाइल चुकून डिलीट केली तर ट्रिम नावाची सोय ती जागा झाडूनपुसून मोकळी करते, हार्ड डिस्कसारखी मागे खूण उरत नाही. शिवाय जागा वाढवायच्या नादात आपण एकेका खोलीत जास्त जास्त कोंबत गेलो. पूर्वी एका खोलीत एक बिट, आता तीन, चार. चार बिट म्हणजे इलेक्ट्रॉनच्या १६ पातळ्या ओळखायच्या. एका बिटवाली खोली लाखभर वेळा पुसता यायची, तीन बिटवाली काही हजार वेळाच.

त्यात ते इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात. घरगुती एसएसडीसाठी उद्योगाचं मानक एवढंच मागतं, की पूर्ण वापरून झिजलेली डिस्क बंद करून ३० अंश तापमानात ठेवली तर डेटा एक वर्ष राहावा. नवी डिस्क अर्थातच बरीच जास्त टिकते. पण नगरला मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, आणि आपण मात्र डिस्क कपाटात ठेवून 'सेव्ह केलंय' म्हणतो.

मग मी नातेवाईक पालथे घातले. आत्याच्या पेनड्राइव्हवर पाच कॅसेटी. काकांच्या सीडीवर चार, त्यातल्या दोन आत्याकडच्याच. चुलतभावाच्या मोबाइलवर तीन. अकरापैकी नऊ मिळाल्या, एक बैलांची आणि एक भाऊबंदकीची कायमची गेली. दुष्काळाची कॅसेट फक्त चुलतभावाकडे सापडली, तीही साठ मिनिटांतली चौदाच. त्याने आजोबांचा खोकला कापला होता, मधल्या शांतता कापल्या होत्या आणि मागे बासरी टाकली होती! हौसेनं केलं होतं पोराने, काय बोलणार. सुकडीच्या रांगेतलं भांडण त्या चौदा मिनिटांत नाही.

नेवासा

रविवारी बाबा म्हणाले, नेवाशाला जाऊन येऊ. साठेक किलोमीटर. लहानपणी शंभर वेळा गेलोय, पण बाबांच्या त्या प्रश्नानंतर पहिल्यांदाच जात होतो.

मंदिरात मधोमध तो दगडी खांब. ज्ञानेश्वरांनी याला टेकून गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा. शके १२१२, म्हणजे सन १२९०. खांबाचं नाव 'पैस'. दुर्गाबाई भागवतांच्या पुस्तकाचंही हेच नाव. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. 'ऐसपैस'मधला पैस तोच. आणि मी आदल्या दिवशी काय केलं होतं? लॅपटॉपला पैस लावला होता.

खांबावर संस्कृत लेख कोरलेला आहे. दगड म्हणजे खरीखुरी सॉलिड स्टेट साठवण, काही हलत नाही, वीज लागत नाही. तो सातशे वर्षांहून जास्त टिकला. पण त्यावर ज्ञानेश्वरी नाहीये. ज्ञानेश्वरी पोथीत होती, आणि सच्चिदानंदबाबांच्या हातची ती पहिली प्रत आज आपल्याकडे नाही. मग नऊ हजार ओव्या आपल्यापर्यंत आल्या कशा? कुणीतरी प्रत केली, त्या प्रतीची दुसऱ्याने केली. पाठ करणाऱ्यांनी पाठ केली. एकही माध्यम टिकलं नाही, मजकूर टिकला.

पण फुकट टिकला नाही. तीनशे वर्षांत प्रतींत चुका शिरल्या, कुणी शब्द बदलले, कुणी आपल्या ओव्या घुसवल्या. तेव्हा शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. यापुढे कुणी यात आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल, अशी ताकीदही देऊन ठेवली. म्हणजे मर्ज केलं, शुद्ध केलं आणि रीड-ओन्ली केलं! काम एवढ्यावर संपलं नाही. १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि पाठभेदांची चर्चा पुन्हा पेटली.

खांबासमोर उभं राहून मला माझी चूक नीट कळली. एसएसडी स्वस्तातली होती ही माझी चूक नव्हे. महागडीही मेली असती. मी 'हलवलं', ही चूक. २०१९ मध्ये मी डेटा एका घरातून दुसऱ्या घरात नेला आणि पहिलं घर पाडलं. जागा वाढवणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पाच मिनिटांत होतं आणि विकत मिळतं. दुसरं कधीच संपत नाही. आत्याने, काकांनी आणि त्या बासरीवाल्या पोराने ते नकळत केलं, मी इंजिनियर असून केलं नाही.

परत येताना गाडीत बाबांना उत्तर दिलं. पट्टी पाच वर्षं टिकेल, दहा टिकेल, उद्याही जाईल. त्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मग एकाच ठिकाणी कशाला ठेवतोस?"

तर आता असं केलंय

नवीन पट्टीवर कामाची प्रत. दुसरी प्रत नगरच्या घरी एका साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर. तिसरी क्लाउडवर. चौथी आत्याकडे. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला एक आकडा, लिहून ठेवलाय. एक बिट जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. दर दिवाळीला सगळ्या प्रती वाजवून आणि आकडे जुळवून बघायचं ठरवलंय. जिथे दोन प्रती होत्या तिथे कमी कापलेली ठेवली, खोकल्यासकट.

तुमच्या घरी माळ्यावर कॅसेटींचा डबा असेल तर या दिवाळीत काढा. कॉपी करा, नातेवाइकांत वाटा, आणि मूळ कॅसेट टाकू नका. नवीन एसएसडी घेतली म्हणून जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. एवढंच सांगायचं होतं.

ता. क. आत्याला फोन करून सांगितलं, दुष्काळाच्या कॅसेटची बासरी जमेल तेवढी काढून पाठवतो. ती म्हणाली, "कशाला रे? मला बासरीवालीच आवडते, तीच पाठव."

एकनाथांना अशी आत्या नसावी :-)